चमत्काराने ब्लेझर घातला म्हणून त्याचं मानसशास्त्र होत नाही

बाबाच्या अंगात देव येतो असं कुणी आपल्या पोरांना सांगितलं, तर ती हसतात. हे हसणं आपल्याला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी दोन-तीन पिढ्या खपल्या, घरातले देव नदीत सोडताना भावकीच्या शिव्या खाल्ल्या. पण तीच पोरं मोबाइलवर दुसरा एक माणूस बघतात. अंगावर ब्लेझर, कानाला माईक, तोंडात इंग्रजी. तो समोरच्या मुलीला म्हणतो, "शाळेतल्या पहिल्या मैत्रिणीचं नाव मनात आणा." तिच्या डोळ्यांत बघतो. "तुमची पापणी किंचित थरथरली, म्हणजे नाव 'स'वरून आहे." आणि पाटीवर 'संगीता' लिहून दाखवतो. इथे आपली पोरं हसत नाहीत. उलट ग्रुपवर टाकतात : "याला म्हणतात सायन्स. बॉडी लँग्वेज."

आम्ही स्पष्ट सांगतो : पापणीवरून 'संगीता' कळत नाही. जगातल्या कुठल्याही मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत असं कधी सिद्ध झालेलं नाही. त्या माणसाला ते नाव आधीच कळलेलं होतं, किंवा लिहितानाच्या क्षणी चोरून कळलं. पापणीची गोष्ट त्याने नंतर वरून घातली. भाजीवर कोथिंबीर घालतात तशी.

मेंटॅलिस्ट म्हणजे जादूगारच, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त प्रेक्षकाला. त्यांची साधनं जुनी आहेत. तुम्हाला नाव कागदावर लिहायला लावतात ("म्हणजे मनात पक्कं बसेल"), घडी घालून फाडायला घेतात, आणि फाडताना मधला तुकडा बोटांत राहतो. पाठमोरं होऊन तो वाचायला दोन सेकंद पुरतात. कधी पॅडच असा असतो की वरच्या पानावर लिहिलेलं खाली उमटतं. अंगठ्याच्या नखाला शिसाचा बारीक तुकडा चिकटवलेला असतो. तुम्ही आकडा मोठ्याने सांगता आणि तुमच्या देखत 'आधी लिहिलेल्या' कार्डावर तो त्याच क्षणी लिहिला जातो. कधी कार्यक्रम सुरू होण्याआधी त्याचा माणूस बाहेर रांगेत फिरून चार जणांकडून माहिती काढतो, आणि स्टेजवर तेच चार जण 'सहज' निवडले जातात. प्रेक्षकाला वाटतं सगळं आत्ता घडलं. आणि ज्याचं नाव ओळखलं, तो माणूस कॅमेऱ्यासमोर थोडाच सांगणार की मी हे मघाशी बाहेर लिहून दिलं होतं!

एक युक्ती जरा नीट समजून घ्या, कारण ती एकदा कळली की अर्धे व्हिडिओ आपोआप उलगडतात. तीन माणसं आहेत. पहिल्याला शहर, दुसऱ्याला आकडा, तिसऱ्याला पत्ता मनात धरायला सांगितलं. मेंटॅलिस्ट पहिल्याकडे रोखून बघतो, चिठ्ठी लिहितो, घडी घालून ग्लासात टाकतो. मग विचारतो, "कुठलं शहर?" तो म्हणतो, "नांदेड." मेंटॅलिस्ट मान डोलावतो, जणू बरोबरच आलं. पण त्या चिठ्ठीवर नांदेड नाहीच, त्यावर 'बदामची राणी' लिहिलंय. आता दुसऱ्याकडे बघत तो दुसरी चिठ्ठी लिहितो, त्यावर 'नांदेड'. दुसरा सांगतो, "47." तिसऱ्या चिठ्ठीवर 47. तिसऱ्या माणसाने पत्ता ओढला तो बदामच्या राणीचाच, कारण जादूगाराने हातचलाखीने तोच त्याच्या बोटांत सरकवलेला असतो. शेवटी तिन्ही चिठ्ठ्या एकदम उलगडतात आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. यात मानसशास्त्र कुठे आलं? फक्त एक चिठ्ठी पुढे राहणं आहे, बस.

मग पापणी, श्वास, 'तुमचा हात गळ्याकडे गेला' ही बडबड कशासाठी? कारण कारण दिलं नाही तर माणूस कारण शोधतो. पॅड तपासूया म्हणतो. कागद का फाडला विचारतो. बाबा म्हणायचा, 'हनुमानजींनी सांगितलं', आणि आपला शिकलेला पोरगा लगेच सावध व्हायचा. मेंटॅलिस्ट म्हणतो, 'मला कुठलीही दैवी शक्ती नाही, मी फक्त माणसं वाचतो', आणि तोच पोरगा निर्धास्त होतो. विवेकवादी वाटावं असं वाक्य ऐकवून त्याची विवेकबुद्धी झोपवली जाते. आम्हाला यात बाबापेक्षा मोठी लबाडी दिसते. बाबा श्रद्धाळूला फसवतो. हा चिकित्सा करणाऱ्याला त्याच्याच भाषेत फसवतो.

शरीराच्या कसबाचंही तेच. 'योगाने नाडी थांबवतो' म्हणणारा काखेत लिंबाएवढा चेंडू किंवा रुमालाचा बोळा दाबून धरतो. दंडातली रक्तवाहिनी दाबली जाते, मनगटाला नाडी लागत नाही, हृदय मात्र मजेत चालू असतं. खिळ्यांच्या फळीवर झोपणाऱ्याचं वजन शेकडो खिळ्यांत वाटलं जातं. त्याला तपश्चर्या लागत नाही, खिळे जवळजवळ ठोकलेले लागतात. युरी गेलरने सत्तरच्या दशकात 'मनाच्या ताकदीने' चमचे वाकवून जग वेडं केलं. 1973 साली अमेरिकेत जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात चमचे त्याच्या हाती आधी लागू दिले नाहीत. कार्सन स्वतः पूर्वी जादूगार होता, त्याने जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला होता. गेलर वीसेक मिनिटं नुसता बसून राहिला. म्हणाला, आज ताकद जाणवत नाही. पुढे याच रँडीने दोन तरुण जादूगार अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या परामानस प्रयोगशाळेत 'शक्ती असलेले' म्हणून पाठवले. तिथले शास्त्रज्ञ काही वर्षं फसत राहिले, आणि 1983 मध्ये रँडीने जाहीर केलं की ही पोरं हातचलाखी करत होती. फसायला अडाणीच असावं लागतं हा समज यात कायमचा गेला.

कुणी म्हणेल, यात काहीच खरं नाही का? आहे. अगदी थोडं आहे, आणि त्या थोड्याच्या आडोशाने सगळा व्यापार चालतो. एकोणिसाव्या शतकात वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप नावाचा अमेरिकन माणूस प्रेक्षकाचं मनगट धरून सभागृहात लपवलेली टाचणी शोधायचा. तुम्हाला ठावठिकाणा माहीत असेल, तर योग्य दिशेला हात सैल पडतो, चुकीच्या दिशेला किंचित अडतो; तुमच्या नकळत. हे खरं आहे, शिकता येतं. पण यातून दिशा कळते. मैत्रिणीचं नाव नाही, एटीएमचा पिन तर मुळीच नाही.

बर्लिनमधला 'हुशार हान्स' घोडा याचंच उदाहरण. फॉन ओस्टेन या गणिताच्या मास्तराचा हा घोडा बेरजा-वजाबाक्या करून खुरांनी तितके ठोके द्यायचा. मोठमोठे विद्वान बघून गेले. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने आपली तपासणी छापली : विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा विचारणारा घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर ठोका आला की माणसाची मान नकळत हलायची, आणि घोडा थांबायचा. घोड्याला गणित येत नव्हतं, माणसाची हालचाल कळत होती.

आता आपल्याकडे या. नंदीबैलवाला दारात येतो, 'पाऊस पडेल का?' विचारतो, ढोलकं गुबूगुबू वाजतं, नंदी मान हलवतो. इशारा मालकाचा आणि शिकवण वर्षानुवर्षांची. बर्लिनच्या घोड्याभोवती प्राध्यापक जमले, त्याच्यावर ग्रंथ झाला. आपल्या नंदीवाल्याला मात्र सुपातलं मूठभर धान्य आणि 'चल पुढे'. इथे थोडं थांबायला हवं.

मदारी, गारुडी, डोंबारी, नंदीवाले, कुडमुडे जोशी. हातचलाखी, जनावरांची शिकवण, माणसाचा चेहरा पाहून बोलणं, अंगाची कसरत, हे सगळं कसब या भटक्या जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी सांभाळलं. बदल्यात काय मिळालं? 1871 च्या इंग्रजी कायद्याने देशातल्या कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला, आणि त्यात सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणं हे भीक मागण्याच्या व्याख्येत बसवलं गेलं. म्हणजे डोंबाऱ्याच्या पोरीने चौकात दोरीवर चालून हात पुढे केला तर भीक. तिथे कसरत खरी असते, दोरी खरी असते, पडली तर हाडही खरंच मोडतं. आणि पंचतारांकित हॉटेलात कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर चिठ्ठी बदलली तर 'माइंड स्किल', वर जीएसटीसकट बिल. मदाऱ्याने तरी कधी तुम्हाला मानसशास्त्राचं सर्टिफिकेट विकलं नाही.

परदेशातला एक नमुना सांगितलाच पाहिजे, कारण आपल्याकडच्या कित्येकांचा तो आदर्श आहे. ब्रिटनचा डेरेन ब्राऊन. माणूस कसबी आहे, वाद नाही, आणि आपण पद्धतीबद्दल खोटं बोलतो हे त्याने पुस्तकात मान्यही केलं आहे. पण टीव्हीवर काय? 9 सप्टेंबर 2009 ला त्याने लॉटरीचे सहाही आकडे सोडतीच्या वेळीच, आपण आधी लिहून ठेवलेले म्हणून चेंडूंवर दाखवले. दोन दिवसांनी 'खुलासा' केला : 24 माणसांना बसवून अंदाज करायला लावले, त्यांची सरासरी काढली, समूहाच्या शहाणपणातून आकडे आले. गणित जाणणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. सरासरीने बैलाचं वजन सांगता येईल, कारण बैलाला वजन असतं. लॉटरीच्या चेंडूला उद्याचा आकडा आधीपासून नसतो. पण लाखो लोकांच्या डोक्यात संख्याशास्त्राच्या नावाखाली शुद्ध थाप बसली. आम्ही जादूवर चिडलेलो नाही. जादूचं खोटं स्पष्टीकरण ज्ञान म्हणून वाटलं जातं, त्यावर चिडलो आहोत.

आता नागपूर. जानेवारी 2023. ज्या शहरात बाबासाहेबांनी 1956 साली धम्मदीक्षा दिली, त्याच शहरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींची कथा आणि दरबार. समोरच्याच्या मनातलं आधीच कागदावर लिहिलेलं असतं, हा दावा. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानवांनी आमच्या अटींवर सिद्ध करा, 30 लाख घ्या, असं आव्हान दिलं. शास्त्रींनी नागपुरात ते घेतलं नाही, 'रायपूरला या' म्हणाले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली केलेल्या तक्रारीवर पोलिसांनी, गुन्हा दिसत नाही, असा निर्वाळा दिला. त्या दिवसांत वृत्तवाहिन्यांनी मेंटॅलिस्ट सुहानी शाह यांना बोलावलं. त्यांनी निवेदकांच्या मनातलं ओळखून दाखवलं आणि हा चमत्कार नाही, कला आहे, असं सांगितलं. बरं झालं. बाबाच्या फुग्याला टाचणी लागली.

आमचा वाद पुढचा आहे. त्या क्लिपा आपल्या कार्यकर्त्यांनी कोणत्या ओळीखाली फिरवल्या? 'बाबा जे चमत्कार म्हणून करतो ते खरं तर मानसशास्त्र आहे.' अरे, कसलं मानसशास्त्र? चिठ्ठीचा खेळ आहे तो, दोन्हीकडे! तुम्ही बाबाच्या हातातली शक्ती काढून मेंटॅलिस्टच्या हातात दिलीत. 'मनातलं ओळखता येतं' ही मूळ भाकड गोष्ट जशीच्या तशी राहिली. उद्या बाबाचा भक्त म्हणेल, "मनातलं ओळखता येतं हे तुम्हीही मानता ना? तुम्ही त्याला मानसशास्त्र म्हणता, आम्ही सिद्धी म्हणतो." काय उत्तर देणार? डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी गावागावांत चमत्कार करून दाखवायचे आणि मग त्याच लोकांना युक्ती उलगडून सांगायचे. उलगडून सांगणं हाच त्या कार्यक्रमाचा जीव होता. तेवढं गाळलं की उरतो तो दुसरा दरबार.

याची किंमत आपणच मोजतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, दोनदा मुलाखतीत अडकलेला, घरातला पहिला पदवीधर. त्याला 'समोरच्याचं मन वाचा', 'सबकॉन्शस कंट्रोल', 'एनएलपी प्रॅक्टिशनर' अशी दोन दिवसांची शिबिरं विकली जातात. सुरुवातीला ट्रेनर काय करतो? कुणाच्या तरी मनातला आकडा ओळखतो, चमचा वाकवतो, हातांवर काच फोडतो. जादू झाली, विश्वास बसला, फी गोळा. शिकवतात काय, तर डोळे वर-उजवीकडे गेले की माणूस खोटं बोलतोय. हे 2012 मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तपासलं. काहीही संबंध सापडला नाही. माणूस खोटं बोलतोय का हे नुसतं बघून-ऐकून सांगण्यात सर्वसाधारण माणसाचं बरोबर येण्याचं प्रमाण 54 टक्क्यांच्या आसपास आहे. बाँड आणि डीपॉलो यांनी 2006 मध्ये दोनशेवर अभ्यास एकत्र करून हे काढलं. नाणं उडवलं तर 50. त्या 4 टक्क्यांसाठी आई-बापाची मजुरी जाते.

लहान पोरांनाही सोडलेलं नाही. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'! हजारो रुपये फी, आणि पोरगं डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचतं म्हणे. मध्यमेंदू प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो. बंद असलेलं मूल शिबिरापर्यंत चालत येऊच शकणार नाही. पोरगं वाचतं ते नाकाच्या कडेने, पट्टीखालच्या फटीतून. हनुवटीखाली पुठ्ठा धरा, लगेच 'शक्ती' जाते. जुने जादूगार डोळे बांधून भर रस्त्यात मोटारसायकल चालवायचे, पण पाटीवर 'जादूगार' लिहायचे. इथे आठ वर्षांच्या मुलाला आई-बापासमोर खोटं बोलायला शिकवतात आणि टाळ्या वाजवतात. आई रडते आनंदाने. पोराला माहीत असतं की आपण फटीतून बघतोय. त्या पोराच्या मनावर काय ओझं होत असेल, याचं मानसशास्त्र कुणी सांगणार आहे का?

आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट : चेहरा बघून मन कळतं, हे एकदा समाजाने मानलं की चेहरा कुणाचा वाचला जातो? अमेरिकेच्या विमानतळांवर हावभाव बघून संशयित हेरण्याचा कार्यक्रम चालला. 2012 मध्ये बोस्टन विमानतळावरच्या अधिकाऱ्यांनीच तक्रार केली की यात कृष्णवर्णीय आणि परदेशी दिसणारे लोक वेचून काढले जातात. 2013 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं की सुमारे 90 कोटी डॉलर खर्च झाले, पण हावभावावरून हेतू कळतो याला पुरावा नाही. आपल्याकडे चौकीत 'याचा चेहराच सांगतो' हे वाक्य पारध्याच्या पोराबद्दल निघतं, बिल्डरच्या पोराबद्दल नाही. सक्तीने केलेली नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग चाचणी घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सांगावं लागलं. त्याआधी 2008 मध्ये पुण्यात ब्रेन मॅपिंगचा आधार घेऊन जन्मठेप सुनावली गेली होती. म्हणून मनकवड्यांचा खेळ आम्हाला निव्वळ करमणूक वाटत नाही. माणसाच्या अंगावरून त्याचं अंतरंग ठरवणारा विचार तो लोकांच्या अंगवळणी पाडतो.

हा विचार आपल्या ओळखीचा आहे. रिसलेने लोकांची नाकं मोजून जातींची उतरंड शास्त्रीय असल्याचं दाखवू पाहिलं. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' मध्ये काय केलं? नाकाची मापंच पुढे घेतली, प्रांतवार ताडून पाहिली आणि दाखवलं की मापं खरी धरली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत. आकडे मागायचे, तपासायचे, मग बोलायचं, ही त्यांची रीत. 'तज्ज्ञ म्हणाला' एवढ्यावर ते थांबले नाहीत.

तथागतांचं तर या विषयावर थेट म्हणणं आहे. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात नालंदेचा गृहस्थ केवट्ट विनवतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध तीन प्रकार सांगतात : ऋद्धी, दुसऱ्याच्या मनातलं ओळखून सांगणं, आणि उपदेश. पहिल्या दोन्हींचा ते तिटकारा व्यक्त करतात. मनातलं ओळखण्याबद्दल म्हणतात की श्रद्धा नसलेला माणूस सहज म्हणेल, याच्याकडे 'मणिका' नावाची विद्या आहे, त्या जोरावर हा सांगतो. म्हणजे 'यामागे काहीतरी क्लृप्ती असेल' ही शंका बुद्धांनी उडवून लावली नाही, तिची दखल घेतली. आणि मान्यता दिली ती फक्त शिकवण्याला.

आता काही मित्र म्हणतील, "कलाकाराच्या पोटावर का पाय देता? सिनेमातला नट कुठे खरंच मरतो?" नट मरत नाही हे तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं. आम्ही कुठल्याही जादूगाराकडे त्याची युक्ती मागत नाही. चिठ्ठी कशी बदलली ते त्याचं त्याच्याकडे राहो, तो त्याच्या घामाचा भाग आहे. मागतो फक्त एवढंच की जादूला जादू म्हण. 'मी तुमची पापणी वाचली' म्हणू नकोस, आणि त्या पापणीचा कोर्स विकू नकोस.

जयंतीचे कार्यक्रम जवळ आले की मंडळांकडे 'माइंड शो आणि मोटिव्हेशन' वाल्यांचे फोन सुरू होतात. वर्गणी वस्तीची असते, तेव्हा बोलवायचंच असेल तर आपल्या अटींवर बोलवा. कागद आपला, पेन आपलं, पाकीट आपलं. कुणाला स्टेजवर घ्यायचं ते आयत्या वेळी आपण चिठ्ठी काढून ठरवणार, आणि त्याआधी त्याचा माणूस रांगेत फिरणार नाही. लिहिलेला कागद त्याच्या हातात जाणार नाही. पोस्टरवर 'जादूगार' असं ठळक छापणार. मान्य असेल तर खुशाल या, टाळ्या आम्ही वाजवू, पोरांना हसू द्या. नाही म्हणाला, तर तो मानधन किती मागत होता तेवढं आम्हाला कळवा. त्या पैशात अभ्यासिकेसाठी किती पुस्तकं येतात, ते आपण मिळून मोजू.